तिसरा पेड

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात, भरवेलीत, नाहीतर पार लामत्यापर्यंत कुठल्याही मराठी घरात जा आणि जुन्या लग्नाची सीडी लावायला सांगा. आधी गुलाबाची दोन फुलं गरगर फिरत येतील, त्यातून गणपती निघेल आणि त्याच्या पायाशी अक्षरं उमटतील : 'मैना व्हिडिओ, बालाघाट'. ती फुलं शालिकरामची. गणपतीही त्याचाच. आणि मैना म्हणजे त्याची बायको, मैनाबाई. सुरुवातीला लोक चिडवत, "काय बापा, बायकोच्या नावानं दुकान?" तो म्हणे, "मंग काय सासऱ्याच्या नावानं काढू?" आणि विषय तिथेच संपे.

शालिकरामला ओळखणं सोपं आहे. जन्मभर कॅमेरा वागवून त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली उतरलाय, आणि भर मे महिन्यातही अंगात ते खिशाखिशांचं जाकीट. लग्नात तो सगळ्यांच्या शेवटी जेवतो, कारण नवरदेवाचा मामा कधी रुसेल याचा नेम नसतो आणि मामा रुसलेला टिपला नाही तर मामा पुन्हा रुसतो. कुणाला नाही म्हणायचं त्याला जमत नाही. हा त्याचा गुण की खोड, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्या काळी लग्नाच्या व्हिडिओची एक रीत होती. मांडवातला खरा आवाज कुणालाच नको असे. बायांचा कलकलाट, पोरांची रडारड, 'अबे पानी आन ना' अशी ओरड, हे सगळं गावंढळ वाटायचं. लोक बजावून जात, "शालिकभाऊ, आवाज बंद करजो आन् फिल्लमचे गाने टाकजो. झकास पाह्यजे." मग शालिकराम खरा आवाज काढून टाके आणि वर गाणी चढवी. हळदीला एक, वरातीला एक, पाठवणीला ते ठरलेलं रडकं. काम झालं की कॅसेट पुढच्या लग्नाला वापरायची. दुलीचंदच्या लग्नावर नथ्थूचं लग्न चढे आणि नथ्थूच्या लग्नावर आणखी कुणाचं. सगळेच व्हिडिओवाले असंच करत, यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

आता मैनाबाईचं सांगतो. मैनाबाई लामत्याची लेक. तिच्या माहेरी पहिल्या हळदीचं एक गाणं होतं. ते म्हणून झाल्याशिवाय नवरीला कुणी हळदीचं बोट लावायचं नाही, अशी रीत. गाण्यात घरातल्या जुन्या बायकांची नावं यायची, आजीची, आजीच्या आईची, आणि शेवटी नवरीचं. मैनाबाईनं ते आईकडून उचललं होतं. आवाज असा खणखणीत, की मांडवात ती गाऊ लागली तर रस्त्यावरचा माणूस सायकलवरून उतरायचा. बाकीच्या बाया म्हणत, "आम्हालेबी शिकव ना व." ती म्हणे, "मी का मेली काय? मी हाये तवरक मी म्हनन." आणि विनाकारण, हळद नसताना, ते गाणं तिनं कधी तोंडातून काढलं नाही. कुणी मोबाइल समोर धरला तर हातावर फटका बसे.

तिच्या भावाचं, प्रेमलालचं, घर लामत्यालाच. प्रेमलालच्या गीताचं लग्न झालं तेव्हा व्हिडिओ अर्थात शालिकरामचा. सीडी तयार झाली तसं सगळं घर टीव्हीपुढे बसलं. हळद आली. पडद्यावर मैनाबाईनं तोंड उघडलं आणि बाहेर पडली ती कुठल्याशा हिरोइनीची किनऱ्या आवाजातली तान. मैनाबाई आधी थक्क झाली, मग अशी हसत सुटली की हातातले पोहे सांडले. "बापा बापा! पाहा व बायाहो, मी कशी गाऊन राह्यली!" सगळे हसले. शालिकरामही हसला. तिला वाईट वाटलं असेल का, हे तेव्हा त्याच्या मनातसुद्धा आलं नाही.

मग लॉकडाऊन लागलं आणि लग्नं थांबली. रिकामा बसलेला शालिकराम दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरशी झटू लागला. मोठं एडिटिंगचं सॉफ्टवेअर त्यावर धापा टाकायचं. तेव्हा यूट्यूबवर हिंदीतून शिकवणाऱ्या कुणा भल्या माणसाकडून त्याला एफएफएमपेग नावाचं अवजार सापडलं. त्यात बटणं नाहीत, चित्रं नाहीत. नुसती काळी खिडकी, आणि त्यात हुकूम टाइप करायचा. या फाइलीतून एवढाच भाग काढ. हा तुकडा त्या तुकड्याला जोड. चित्र राहू दे, आवाज तेवढा वेगळा दे. एक अक्षर चुकलं की खिडकी लाल-पांढऱ्या शिव्या ओकायची, आणि बरोबर आलं की चुटकीसरशी काम फत्ते. शालिकराम त्या खिडकीच्या प्रेमात पडला, हो, या वयात.

मैनाबाई डबा घेऊन आली की त्याच्या मागे उभी राहायची. "काय मंतर लिहून राह्यले जी?"

"मंतर नोहे व. हे पाह्य, व्हिडिओ म्हंजे वेनी असते. एक पेड चित्राचा, एक पेड आवाजाचा. बाकीचे लोकं वेनी कापतेत आन् मंग चिकटवतेत. हे अवजार कापत नाही. पेड उकलून हातात देते, जसाच्या तसा. मंग तू पाह्यजे तसा गुंफ."

मैनाबाईनं कंबरेवर हात ठेवले. "दोन पेडाची कुठी वेनी असते? वेनीले तीन पेड लागतेत. एवढी लग्नं केले, पन बाईची वेनी नाही पाह्यली तुमी!"

शालिकरामनं डबा उघडला.

दोन वर्षांमागे मैनाबाईचा आवाज घोगरा झाला. ती म्हणाली मिरची कुटली म्हणून. मग म्हणाली थंड पाणी प्यालं म्हणून. नागपूरला नेलं तेव्हा गळ्यात गाठ निघाली, आणि ऑपरेशनमध्ये आवाजाची पेटीच काढून टाकावी लागली. डॉक्टरांनी आधी सगळं नीट समजावून सांगितलं होतं. जीव राहील, आवाज राहणार नाही. मैनाबाई ऐकून घेऊन म्हणाली होती, "पोट्टीचं लगन पाहाले मिळन ना? मंग काढा." तिचं हे शेवटचं बोलणं. कुणी टिपून ठेवलं नाही, कारण टिपणारा बाहेर औषधाच्या रांगेत उभा होता.

त्यानंतर घरात एक नवी भाषा आली. मैनाबाईच्या गळ्याशी छिद्र, त्यावर सुती रुमाल, आणि हाताशी स्टीलची थाळी आणि चमचा. थाळी एकदा वाजली की या. दोनदा वाजली की नाही. धडाधड वाजली की शालिकरामचं काही खरं नाही. लेक श्रुतिका नागपूरला नोकरीला, तिच्यासाठी मिसकॉल. एक रिंग म्हणजे 'जेवली का?' श्रुतिकानं उलट एक रिंग दिली की 'हौ, जेवली'. दोन रिंगा म्हणजे व्हिडिओ लाव, तोंड पाहू दे. रोज दुपारी ही एक रिंग इकडून तिकडे जायची आणि एक तिकडून इकडे यायची, आणि मगच मैनाबाई जेवायला बसायची.

श्रुतिकाचं लग्न गोंदियाच्या रजतशी ठरलं. दिवाळीला ती घरी आली आणि जेवताना सरळ म्हणाली, "पापा, मुझे डीजे नहीं चाहिए. हळदीले मम्मीचंच गाणं पायजे. माझ्याकडे चोरून काढलेल्या दोन-तीन क्लिपा होत्या मम्मीच्या, त्या तर फोन चोरी झाला तेव्हा गेल्या. पर आपके पास तो होगा ना? एवढ्या लग्नाचे व्हिडिओ केले तुम्ही."

"हौ, हौ, असन ना! कुठी जाते?" शालिकराम म्हणाला. सांगितलं ना, नाही म्हणायचं त्याला जमत नाही.

मैनाबाई समोर तांदूळ निवडत होती. तिचे हात थांबले. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, आणि काय ते तिला कळलं. तिच्याइतकं त्याला ओळखतं कोण? पण तिनं थाळी वाजवली नाही. पुन्हा तांदूळ निवडू लागली.

दुसऱ्या दिवशी त्यानं दुकानातली कपाटं उपसली. कॅसेटा होत्या, पण एकीवर दुसरी चढून चढून आता शेवटच्या लग्नापुरत्या उरलेल्या. जुनी हार्डडिस्क कधीच मेलेली. मोबाइलवर धाडायला केलेल्या काही फाइली तेवढ्या सापडल्या, त्यांत मैनाबाई ठिकठिकाणी दिसली. हळदीत, मांडवात, तोंड उघडून, हात उंचावून, मान मागे टाकून गाताना. आणि प्रत्येक ठिकाणी वर फिल्मी गाणं. शालिकराम स्टुलावर बसून राहिला. अख्ख्या मुलखात जिचा आवाज घुमला तो आवाज कुठेच नव्हता, आणि तो कुणी चोरला नव्हता, त्यानं स्वतः पुसला होता. त्याला स्वतःची इतकी चीड आली की दुकानाच्या पाटीवरचं तिचं नाव त्याच्यानं वाचवेना.

तरी एक आशा होती. ते माहेरचं गाणं असलेली, गीताच्या लग्नाची सीडी. तिच्यातही गाणंच चढवलेलं, हे त्याला माहीत होतं. पण निदान कुठे मध्ये एखादा क्षण खरा आवाज राहून गेला असेल तर, असं मनाशी म्हणत तो लामत्याच्या बसमध्ये बसला.

प्रेमलालनं अंगणातच स्वागत केलं. "या भाऊजी, या. सीडी? हौ, हाये ना. ते काय!" आणि त्यानं पेरूच्या झाडाकडे बोट दाखवलं. फांद्यांना दोऱ्यानं टांगलेल्या सीड्या उन्हात चमचम करत होत्या. "पोपटायनं जांबं ठेवले नाही बापा एकबी. कालच टांगल्या. तुमची सीडी लय चमकते, भाऊजी, बाकीच्यापेक्षा लय."

शालिकरामनं कपाळावर हात मारला. "प्रेमलाल, लेका, माझी जिंदगी झाडाले टांगून ठेवली तू!"

शिडी लावून सीडी उतरवली. मागच्या अंगाला मधोमध फांदीनं चांगला ओरखडा काढला होता. शालिकरामनं ती जाकिटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि परतीच्या बसमध्ये बालाघाटपर्यंत तिच्यावर हात धरून बसला.

दुकानात सीडी कॉम्प्युटरमध्ये घातली तेव्हा दुपार कलली होती. ड्राइव्ह कुरकुरली, थांबली, पुन्हा कुरकुरली. जेवढं निघालं तेवढं त्यानं काढून घेतलं. मग सवयीनं काळ्या खिडकीत पहिला हुकूम दिला : या फाइलीत काय काय आहे ते सांग.

खिडकीनं सांगितलं. एक चित्र. एक आवाज. आणि आणखी एक आवाज.

शालिकरामनं चष्मा पुसला. पुन्हा हुकूम दिला. पुन्हा तेच. चित्राचा एक पेड, आवाजाचे दोन. तीन पेड. मग हळूहळू त्याच्या डोक्यात उजेड पडला. सीडी तयार करायच्या त्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजासाठी दोन खण असायचे. पहिल्यात तो गाणी भरायचा. खरा आवाज आपण काढून टाकतो, असं तो इतकी वर्षं समजत होता. प्रत्यक्षात तो फक्त दुसऱ्या खणात सरकवला जात होता. घराघरातले टीव्ही पहिलाच आवाज वाजवायचे, दुसऱ्याकडे कुणी वळून पाहिलं नव्हतं. त्याचं अर्धवट ज्ञान म्हणा, चूक म्हणा, त्या चुकीनंच आवाज राखून ठेवला होता.

त्यानं तिसरा पेड उकलला. हेडफोन कानाला लावला. आधी भांड्यांचा आवाज, कुणीतरी 'चुना कुठी हाये' विचारतंय, एक पोर रडतंय. आणि मग,

"पयली हळद व कोनाले?
सगुनाच्या नातीले, भागीच्या पनतीले..."

शालिकराम रडला. दुकानाचं शटर उघडं होतं, समोरचा पानवाला पाहत होता, तरी रडला. इतका खणखणीत आवाज! पण दोन कडव्यांनंतर आवाज तुटला. खर्र झालं, चित्र गोठलं, आणि पुढे निघालं तेव्हा गाण्याची शेवटची ओळ चालू होती. ओरखडा नेमका मध्यावर बसला होता.

आता इथे व्हिडिओवाल्यांचं एक गुपित सांगायला हवं. लग्नाच्या दोन सीड्या निघतात, एक मुलीकडे, एक मुलाकडे. त्या सारख्या नसतात. मुलीकडच्या सीडीत मुलीची हळद पूर्ण असते आणि मुलाची उरकून टाकलेली, मुलाकडच्या सीडीत उलट. ज्याला त्याला आपलीच माणसं पाहायची असतात. तेव्हा गीताच्या सासरी मुलीच्या हळदीतला एखादाच तुकडा असणार. शालिकरामला वाटलं, असला तर असला, पाहून तर येऊ.

गीता भरवेलीला, नवरा नंदकिशोर खाणीत. तिनं सीडी कपाटातल्या पैठणीच्या घडीतून काढली, एकही चरा नसलेली. शालिकरामनं आपला जुना लॅपटॉप सोबत नेला होता. तिथेच, तिच्या स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये, त्यानं तिसरा पेड काढला. मुलीच्या हळदीतला त्यानं तेव्हा मुलाकडच्यांसाठी ठेवलेला तुकडा खरंच छोटा होता. फक्त हशा पिकला तेवढा. हसण्याचं कारण म्हणजे आईच्या मागे लपून हळदीच्या परातीत हात घालणारी फ्रॉकमधली श्रुतिका. आणि ती परातीत हात घालत होती ते नेमकं गाण्याच्या मध्येच. मैनाबाई गात होती,

"आता हळद व कोनाले?"

आणि श्वास न घेता, त्याच पट्टीत, "अवं श्रुतिका! हात काढ! परात सांडशीन!" मग मांडवभर खसखस, आणि पुन्हा गाणं जिथे सोडलं तिथून सुरू.

गीता कढई सोडून ऐकत उभी राहिली होती. "आत्या," ती एवढंच म्हणाली आणि पदर तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी शालिकरामनं जोडणी केली. सुरुवात लामत्याच्या झाडावरची, मधला तुकडा भरवेलीच्या पैठणीतला, शेवटची ओळ पुन्हा लामत्याची. श्वासाला श्वास जुळेपर्यंत तो सांधे मागेपुढे करत राहिला. आणि हात आलाच आहे तर त्यानं गाणं साफही केलं. ती ओरड काढली, हशा काढला. आता गाणं अखंड झालं, गुळगुळीत, एकही खड्डा नाही. तो इतका खूश झाला की त्यानं घरी मिसकॉल दिला. मैनाबाई डबा घेऊन आली.

त्यानं तिला स्टुलावर बसवलं, हेडफोन तिच्या कानांवर ठेवला. "डोळे मिट," म्हणाला. आणि हुकूम दिला.

मैनाबाईचा हात आपसूक गळ्याच्या रुमालावर गेला. ओठ हलू लागले. सगुनाच्या नातीले, भागीच्या पनतीले. ती गात होती. आवाज कानात होता आणि ओठ त्याच्याबरोबर चालत होते, कुठे मागे नाही, कुठे पुढे नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती. शालिकराम जमिनीवर तिच्यापाशी बसला. "माफ कर मैना," तो म्हणाला. तिला हेडफोनमधून ऐकू गेलं नाही.

गाणं संपलं. मैनाबाईनं डोळे उघडले, आणि तिच्या कपाळावर आठी आली. तिनं डब्याचं झाकण उचललं आणि चमच्यानं दोनदा वाजवलं. नाही.

"काहून? काय झालं? साफ तं हाये."

तिनं तळहात जमिनीपासून कंबरेइतका वर धरला. एवढी पोरगी. मग दोन्ही हातांनी परात दाखवली, परातीत हात बुडवला आणि स्वतःच्याच हातावर चापट मारली. तिला आठवत होतं. त्या हळदीनंतर कितीतरी दिवस लामत्यात तिला सगळे 'परात सांडशीन' म्हणून चिडवत होते.

"ते व्हय? ते काढून टाकलं मी. गान्यात ओरडनं कसं ठेवू? चांगलं दिसत नाही."

मैनाबाई त्याच्याकडे पाहत राहिली. लामत्याच्या घरात हिरोइनीचा आवाज ऐकून ती हसली होती. आज हसली नाही. तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलं होतं : तुमी अजूनबी तेच करून राह्यले. शालिकरामची मान खाली गेली. त्या सबंध तुकड्यात लेकीचं नाव तिनं घेतलेलं फक्त तिथेच होतं, आणि तेच त्यानं चांगलं दिसत नाही म्हणून कापलं होतं.

"ठेवतो," तो म्हणाला. "सगळं ठेवतो व. चुना मागनारी बाईबी ठेवतो."

झाकण एकदा वाजलं. मग तिनं शेवटच्या ओळीवर, जिथे 'आमच्या गीताले' येतं तिथे, बोटांची कात्री चालवून दाखवली, आणि हात हवेत गोल फिरवला. ते काढा, तेवढं बाया म्हणतील.

हळदीच्या दिवशी वीरेंद्र कॅमेरा घेऊन आला होता. तो दुसऱ्या दुकानाचा, पण चांगला माणूस. बापानं स्वतःच्या लेकीचं लग्न शूट करायचं नाही, हे मैनाबाईनं थाळी बडवून ठरवलं होतं. पाटावर श्रुतिका, समोर परात, शेजारी गीता आणि सगळ्या बाया. शालिकरामनं स्पीकर लावला. "पयली हळद व कोनाले?" आजीचं नाव आलं, तिच्या आईचं आलं. म्हाताऱ्या बायांनी डोळ्यांना पदर लावले. श्रुतिका आईकडे पाहत होती आणि आईचे ओठ हलत होते.

"आता हळद व कोनाले?"

"अवं श्रुतिका! हात काढ! परात सांडशीन!"

आणि श्रुतिकानं परातीच्या काठावर टेकलेला हात झटकन मागे घेतला. खरोखर घेतला, चांगली पंचवीस वर्षांची घोडी! मांडवात हशाचा नुसता स्फोट झाला. श्रुतिकाही हसली, आणि हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं. उठून तिनं आईला मिठी मारली. "मम्मी, फिर से बोल ना," ती म्हणत होती, "एक बार फिर से." गीतानं डोळे पुसत उरलेली ओळ उचलली, "आमच्या श्रुतिकाले, श्रुतिकाबाईले," आणि सगळ्या बायांनी ती धरली. मैनाबाईनं लेकीच्या कपाळावर पहिलं बोट ओढलं. संध्याकाळी श्रुतिकानं बापाकडून तो एवढासा तुकडा आपल्या फोनवर मागून घेतला. कशाला ते त्यानं विचारलं नाही.

पाठवणीच्या वेळी सगळ्या बाया मोठमोठ्यानं रडत होत्या. मैनाबाई मात्र गाडीच्या मागे उभी होती, तोंड उघडं, आणि आवाज नाही. लेक सासरी निघाली आणि आईला हाकही मारता येऊ नये, हे शालिकरामला पाहवेना. तो तिच्याकडे जाणार तेवढ्यात तिनं कनवटीचा फोन काढला आणि एक बटण दाबलं.

गाडी हलली होती. आतून खणखणीत आवाज आला, "अवं श्रुतिका! हात काढ! परात सांडशीन!" रजत दचकला, ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. एकच रिंग, आणि बंद.

श्रुतिकानं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. डोळ्यांतलं काजळ गालावर आलेलं, आणि ती ओरडत होती, "हौ मम्मी, जेवली! जेवली मी!"

गाडी वळणाआड गेली. वीरेंद्रनं कॅमेरा खाली घेतला, नाक ओढलं आणि विचारलं, "काका, इथं पाठवनीचं कोनतं गानं टाकू?"

"काहीच नको टाकू बापा," शालिकराम म्हणाला. "आहे तो आवाज राहू दे."